करयादीतला संसार

स्ट्राँवीक,
रविवार, दि. ६ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. टोर्डिस हीस,

ओड्नीचे अनेक आशीर्वाद, वि. वि. देवाच्या दयेने आम्ही उभयता सुखरूप आहोत. तुझं पत्र गुरुवारच्या बोटीने पोचलं. माझ्या धाकट्या भावाची कंबर पुन्हा धरली हे वाचून वाईट वाटलं. पण आस्लाकला सांग, ऑफिसात खुर्चीवर बसून ज्यांची कंबर धरते त्यांनी सुट्टीच्या दिवशी तरी लाकडं फोडावीत. बर्गनसारख्या शहरात लाकडं मिळत नसतील तर इकडे ये म्हणावं, आमच्याकडे भरपूर पडली आहेत.

इकडची मोठी बातमी म्हणजे ह्यांची तब्येत. अगं, दोन वर्षांपूर्वी जेवायला बसले की पोटावर हात धरून बसायचे, अर्धं ताट परत जायचं. आता परवा मेंढीचं मटण घालून कोबी केला होता, तर तीनदा मागून घेतला. सकाळी दाढी करताना भजनं म्हणतात, आणि ती सुद्धा चारही कडवी. सहाच्या बोटीने खाडीपलीकडच्या फर्निचर कारखान्यात जातात, आणि येताना बोटीवरच्या लोकांना काय काय सांगून हसवतात म्हणे. फोरमनच्या जबाबदारीचं काम अंगवळणी पडायला नऊ वर्षं जावी लागतात असं दिसतं. मी रोज सकाळी माशाच्या तेलाचा चमचा पाजते आणि संध्याकाळी प्रार्थना चुकवत नाही, त्याचंही फळ असेलच.

अमेरिकेच्या तिकिटांचे निम्मे पैसे माझ्याकडे घरखर्चातून जमले. उरलेले निम्मे वसंतात मी घालतो, असं ह्यांनी कबूल केलं आहे. म्हणजे जूनमध्ये आम्ही सिअ‍ॅटलला रायदुनकडे. लेकीला पाच वर्षांत पाहिलं नाही, आणि नात लिंडा तीन वर्षांची झाली तरी मी तिला फक्त फोटोत ओळखते. तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे, पण हात किती लांब धरावेत हेच कळत नाही.

आस्लाक इंजिन बघतो म्हणाला म्हणून ह्यांनी आमची मोटरबोट त्याच्याकडे पोचवली त्याला दुसरा उन्हाळा गेला. इंजिन बघतो आहे की त्याच्याशी लग्न लावणार आहे, एकदा विचार.

बाकी, क्रीडा मंडळाचं करयादीचं पुस्तक पुढच्या आठवड्यात दुकानात येईल. कोणाचं उत्पन्न किती, कोणाची मालमत्ता किती, कोणी कर किती भरला, सगळं नावानिशी. मैदानावर दिवे लावायचे आहेत म्हणून दोन क्रोनरांनी दर वाढवलाय. मी मंडळाला वेगळी देणगी देते, पुस्तक घेत नाही. शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नये ही आज्ञा मला शाळेत शिकवली ती अजून पाठ आहे. तू मात्र ते पुस्तक बायबलच्या शेजारी ठेवतेस हे मला ठाऊक आहे.

सगळ्यांना माझी आठवण सांग, आणि तुझ्या मनातली माझी जागा कोणाला देऊ नकोस.

तुझी,
ओड्नी

---

बर्गन,
दि. १३ ऑक्टोबर १९७४

ती. सौ. वन्संना,

टोर्डिसचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून तुमच्या भावाने कंबर धरूनच हसून घेतलं. लाकडं फोडायला येतो म्हणाले, पण स्वयंपाकघरातल्या कोचावरून उठून म्हणाले नाहीत, हेही कळवते.

वन्सं, तुम्ही मला करयादीवरून बोलता ते मी मुकाट्याने ऐकून घेते, कारण खरंच आहे. पुस्तक आलं की मी पहिल्या दिवशी घेते. गेल्या वर्षी आमच्यासमोरच्या दंतवैद्याचं उत्पन्न शून्य छापून आलं होतं! नवीन गाडी, डोंगरात बंगला, आणि उत्पन्न शून्य. कर्जाचं व्याज वजा जातं म्हणे. तुमचे भाऊ ते वाचून नाताळापर्यंत फुगून बसले होते. त्यांचा पगार दर वर्षी वाढतो, पण पलीकडच्या घरातला थोडा जास्त वाढतो, आणि ऑक्टोबर आला की आमच्या घरात त्याचं सुतक असतं. आता मी पुस्तक पिठाच्या डब्यामागे लपवते. त्यांना डबा कुठे असतो ते माहीत नाही.

बोटीचं विचारलंत. हे म्हणतात की इंजिन जुनं आहे, वेळ लागतो. मला इंजिनातलं काही कळत नाही. बोट सुरक्षित आहे एवढं नक्की.

हालवारभावोजी खूश आहेत हे वाचून आम्हाला दोघांनाही फार बरं वाटलं. तेलाचा चमचा चालू ठेवा. त्यांना काही विचारत वगैरे बसू नका, माणूस आनंदात आहे तो राहू दे. आणि वन्सं, यंदा वाटलं तर तुम्हीही ते पुस्तक एकदा चाळून पाहा ना. नाही, राहू द्या. तुमचं आपलं बरोबर आहे. हे वाक्य खोडायला हवं होतं, पण कागद वाया जाईल आणि तुम्हीच रागवाल.

लिंडाच्या स्वेटरला हात लांबच ठेवा, दुमडता येतात.

थोरांचा हात डोक्यावर असाच राहावा.

तुमची,
टोर्डिस

---

स्ट्राँवीक,
दि. २७ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. टोर्डिस हीस,

अनेक आशीर्वाद.

गेले दहा दिवस गाव माझ्याशी फार चांगलं वागतंय. सुरुवात दुकानात झाली. गुड्रुनने माझ्या पिशवीत लोण्याचं एक पाकीट जास्तीचं घातलं. कागद फाटलाय, विकता येत नाही म्हणाली. मी घरी येऊन उलटसुलट करून पाहिलं, कागद कुठेही फाटलेला नव्हता. मी परत नेऊन दिलं, तर तिचे डोळे भरून आले. तीस वर्षांत एक दाणा जास्त न देणारी ही बाई!

मग शेजारची येनी आपला हिवाळी कोट घेऊन आली. फक्त एक बटण गेलंय, मला घट्ट होतो म्हणाली. टोर्डिस, येनी माझ्या दुप्पट आहे. तिला घट्ट होणाऱ्या कोटात मी आणि हे दोघं मावू.

नाताळच्या विक्रीसाठी महिला मंडळात दर वर्षी बारा केक माझ्याकडे असतात. यंदा सांगितलं की तू नुसती येऊन बस, दमू नकोस. आणि मंगळवारी प्रार्थनाघरात ज्या घरावर परीक्षेची वेळ आली आहे त्या घरासाठी प्रार्थना झाली. नाव घेतलं नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले, मी पापच केलं म्हण, एक डोळा उघडून पाहिलं, तर येनी माझ्याकडेच बघत होती.

मला वाटलं मला काहीतरी झालंय आणि डॉक्टरांनी मला सोडून सगळ्यांना सांगितलंय. बुधवारी बोटीने जाऊन तपासून घेतलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, छाती ऐकली, आणि म्हणाले की मी त्यांना स्वतःला पोचवूनच जाईन. मग मी ह्यांच्याबद्दल विचारलं, तर म्हणाले की त्यांना दोन वर्षांत पाहिलेलंच नाही, म्हणजे बरेच असणार.

पण मला खरं सांग, पोटाचं दुखणं असं एकदम जातं का गं? शेवटी शेवटी माणूस असा हसरा होतो असं मी ऐकलंय. आमच्या काकांचं तसंच झालं होतं. संध्याकाळी हे भजन म्हणत होते आणि मी स्वयंपाकघरात अ‍ॅप्रनने डोळे पुसत होते. काही विचारायचा धीर होत नाही. आस्लाकशी ते टेलिफोनवर बोलतात, मी खोलीत गेले की हवापाण्याच्या गप्पांवर येतात. तुला काही माहीत असेल तर देवाला स्मरून कळव. लिंडाला भेटायला मी एकटीच जाणार आहे का, एवढं तरी कळू दे.

माझी काळजी समजून घेशील हा भरवसा आहे.

तुझी,
ओड्नी

---

बर्गन,
दि. ३० ऑक्टोबर १९७४

ती. सौ. वन्संना,

शि. सा. न. वि. वि. आधी हे वाचा आणि मग खुर्चीवर बसा: भावोजी ठणठणीत आहेत. कोणालाही काहीही झालेलं नाही. तुमचं पत्र वाचून मला स्वतःची लाज वाटली. तुमच्या भावाने वचन दिलंय, मी दिलेलं नाही, म्हणून लिहिते.

भावोजी फोरमन नाहीत. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून नाहीत. त्यांनी स्वतः मालकांकडे जाऊन ती जागा सोडली आणि पुन्हा सुताराच्या बाकाशी उभे राहिले. पगार बराच उतरला. करयादी नेहमी आदल्या वर्षाची असते, म्हणून तुमच्या गावाला ते आत्ता या महिन्यात कळलं. खाडीपलीकडच्या कारखान्यातलं तुमच्याकडे एरवी कोण सांगणार? म्हणजे वन्सं, सगळ्या स्ट्राँवीकने तुमचं उत्पन्न वाचलं, आणि सगळ्यांना वाटलं की घरावर मोठं संकट आलंय. न वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच.

बोट दुरुस्तीला नाही. ती आम्ही विकत घेतली. त्या पैशातून भावोजी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तुमचा घरखर्च पहिल्याइतकाच पुरा करत आले. तुम्हाला तिकिटांची आशा लागलेली, ती मोडवेना. ते पैसे आता नाताळाला संपतात. मालक स्टोरहाऊग त्यांना पुन्हा फोरमन करायला तयार आहेत, नवीन वर्षापासून. भावोजींनी तुमच्या भावाला सांगितलंय की मी हो म्हणणार, ओड्नीला नात दाखवायची आहे.

बोट तुम्हाला हवी तेव्हा परत आणून बांधू, त्याची चर्चासुद्धा नको. मला शिव्या घाला, पण पत्र बंद करू नका.

अपराधी,
टोर्डिस

---

स्ट्राँवीक,
दि. ६ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. टोर्डिस हीस,

आशीर्वाद देते, पण यंदा थोडे कमी. आस्लाकला सांग की लहानपणी त्याने जाम चोरून मांजरावर घातला तेव्हाही तो असाच निरागस चेहरा करून बसला होता.

तुझं पत्र वाचल्यावर मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. ते जिवंत राहणार आहेत! अर्धा तास मी नुसती त्या आनंदात होते. मग उठले आणि मला असा राग आला म्हणून सांगू, बटाटे सोलले ते निम्मे सालीबरोबर गेले.

दुसऱ्या दिवशी जाऊन पुस्तक घेतलं. गुड्रुनने ते काट्याशेजारून उचलून माझ्या हातात देताना मान खाली घातली. पिशवीत पिठाखाली घालून आणलं. आमचं नाव शोधलं. नेस, हालवार. निव्वळ उत्पन्न एकोणतीस हजार सहाशे. फोरमन असताना अडतीस हजार होतं हे दुकानातल्या जुन्या यादीत पाहून आता कळतंय, कारण तेव्हाही मी कधी विचारलं नव्हतं. मॅट्रिकला गणितात पहिली आलेली बाई मी. महिन्याला हातात येतं त्याचा पै न् पैचा हिशेब लिहिते, आणि घरात मुळात येतं किती हे गावाला माहीत, मला नाही. येनीचा नवरा एकतीस हजार. म्हणजे चौदाशेच्या फरकावर ती मला कोट द्यायला आली! आणि मला लगेच वाटलं की तिच्या पडद्यांचं कापड एवढं काही भारी नाही. बघ, एक पान वाचलं आणि हे सुचलं. म्हणूनच मी वाचत नव्हते.

ह्यांना अजून काही बोलले नाही. रोज बघते मात्र.

तुला खरं सांगते, ती नऊ वर्षं मी विसरले होते. पगार वाढला म्हणून नवीन स्टोव्ह आला, बैठकीत गालिचा आला, आणि हे घरी आले की कोट न काढता ओट्याशी बसून राहायचे. कामावर उशिरा येणाऱ्यांची नावं लिहून वर द्यायची असायची. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्ला त्यांचीच. एकदा कोणाला तरी काढून टाकावं लागलं, त्या आठवड्यात एक शब्द बोलले नाहीत. मी समजत होते की मोठ्या पगाराचा माणूस असाच असतो. आता हे आल्याआल्या लाकडाचा वास घेऊन येतात, आणि कुठला सांधा कसा बसला ते मला चमच्याने टेबलावर काढून दाखवतात.

हे सगळं दिसतं. तरी काल प्रार्थनेला बसले तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? की देवा, ह्यांना हो म्हणू दे. मला त्या पोरीला एकदा मांडीवर घेऊ दे. एका वर्षासाठी फोरमन झाले तर काय होतंय, असं मी देवालाच पटवून देत होते. रायदुनकडे जायला उशीर झाला तर लिंडा शाळेत जाईल, मग तिला मांडीवर बसायचं नसेल. माझं वय अठ्ठावन्न.

बोट परत आणू नका. विकली ती विकली. तिकिटांचे पैसेही पाठवण्याची भाषा करू नकोस, मी तुला ओळखते.

काय करू ते मात्र सांग.

रागावलेली आणि तरी तुझीच,
ओड्नी

---

बर्गन,
दि. ११ नोव्हेंबर १९७४

ती. सौ. वन्संना,

शि. सा. न. वि. वि. कमी आशीर्वाद मिळाले ते जपून वापरते आहे.

काय करा ते मी सांगणार नाही. सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत तर जन्मभर माझ्यावर येईल, आणि ऐकलं नाहीत तर मलाच राग येईल. तिकिटांचे पैसे पाठवणार होतेच, पाकीट तयार होतं. तुमच्या भावाने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले की माझ्या बहिणीला एवढा अपमान पुरे झाला.

एकच कळवते. भावोजी बोट द्यायला आले होते त्या दिवशी मी कॉफी केली. इंजिन कसं सुरू करायचं ते तुमच्या भावाला दाखवत होते आणि त्यांचा चेहरा असा होता की विकणाऱ्याचा वाटेना. मी विचारलं की वाईट नाही वाटत का. म्हणाले की वाटतं, पण काल सात तास मी एक कपाट केलं आणि कोणाचंही नाव लिहून दिलं नाही. नंतर ते गेल्यावर तुमचे भाऊ खिडकीशी बराच वेळ उभे होते. त्यांचं उत्पन्न भावोजींच्या दुपटीहून जास्त आहे, करयादीत पाहा हवं तर. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले की मला असं काहीही करता येत नाही जे झाल्यावर हात फिरवून बघावंसं वाटेल. मग पेपर वाचायला घेतला.

एवढंच. मालक कधी येणार आहेत ते कळलं तर लिहा, आम्ही दोघंही इकडे नखं खात बसलो आहोत.

लोभाचा ओघ आटू देऊ नका.

तुमची,
टोर्डिस

---

स्ट्राँवीक,
रविवार, दि. २४ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. टोर्डिस हीस,

पूर्ण आशीर्वाद, आस्लाकलाही. नखं खाणं बंद करा.

काल शनिवारी दुपारच्या बोटीने स्टोरहाऊग आले, काळी टोपी, चामड्याची बॅग. ह्यांनी मला सकाळी एवढंच सांगितलं की मालक कामानिमित्त येतायत, कॉफी कर. मी वॉफल केले आणि चांगल्या खोलीत मांडले. ह्यांनी लग्नाचा सूट घातला होता. सकाळपासून पोटावर हात होता, टोर्डिस. दोन वर्षांनी पहिल्यांदा. दाढी करताना आवाज आला नाही.

मालक चांगले गृहस्थ आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी कॉफीची स्तुती केली, खाडीच्या हवेची केली, आणि मग विषयावर आले. नवीन फोरमनला माणसं सांभाळता येत नाहीत, हालवारसारखा कोणी नाही, असं म्हणाले. मग माझ्याकडे वळून आकडा सांगितला. पूर्वीपेक्षा चार हजार जास्त. वर्षभरात अमेरिका आरामात होईल असंही म्हणाले; म्हणजे ह्यांनी त्यांना लिंडाचंही सांगितलेलं. मालकांना वाटलं असणार की बायको ऐकेल तर काम होईल.

माझ्या डोक्यात बेरीज आपोआप झाली. दोन तिकिटं, आणि वर लिंडाला एक बाहुली. इतकी पटकन झाली की मलाच माझी भीती वाटली.

ह्यांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणायला लागले की विचार करून मी असं ठरवलंय. तेवढंच म्हणाले. पुढचं मी म्हणू दिलं नाही. मी म्हटलं की मालकांनी एवढ्या लांब येण्याची तसदी घेतली त्याबद्दल आभार, पण ह्यांना ते काम जमणार नाही, ह्यांचं बाकावरचं काम आहे आणि ते ह्यांनी मध्येच सोडलेलं मला चालणार नाही. आणि म्हटलं की आमचं उत्पन्न एकोणतीस हजार सहाशे आहे, यादीत छापलंय, त्यात आमचं भागतं. आणि मग विचारलं की आणखी एक वॉफल घेणार का.

हे माझ्याकडे असे बघत राहिले की मालकांनी हळूच नजर खिडकीबाहेर नेली. मग त्या भल्या माणसाने वॉफल घेतला. दोन घेतले.

त्यांना धक्क्यापर्यंत पोचवून हे परत आले आणि कोट काढला. विचारलं की मला केव्हापासून माहीत आहे. मी सांगितलं, तीन आठवडे. मग बोलली का नाहीस, असं विचारायची ह्यांची हिंमत! मी म्हटलं की गप्प बसायचं मी ह्यांच्याकडूनच शिकले, आणि ते दोन वर्षं बसले, माझं तर अजून शिक्षण चालू आहे. तेव्हा आधी हसले, आणि मग माणूस रडतो तसे रडले. मी थोडी तळघरात जाऊन आले. तिथे बटाट्यांच्या पेटीवर बसून मीही माझं रडून घेतलं, कारण जून गेला, टोर्डिस, आणि त्याच्यापुढचाही जून सांगता येत नाही. त्याचं दुःख नाही असं मी कोणालाही दाखवणार नाही. देवालाही नाही.

वर आले तर हे माझ्या टेबलाशी बसले होते, माझं पेन घेऊन. पंचवीस वर्षांत ह्यांनी कोणाला पत्र लिहिलेलं मी पाहिलं नाही. माझ्या पत्राच्या तळाशी सही करतात तेवढी. मी मागे उभी राहून वाचलं. रायदुनला लिहीत होते. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की तुझा बाप फोरमन नाही, सुतार आहे, आणि म्हणून आम्ही या उन्हाळ्यात येत नाही, आणि हे तुझ्या आईला मी सांगायला हवं होतं. पुढे तीन पानं. मध्येच वर बघून मला विचारलं की लिंडाची उंची किती असेल, मी हातानेच दाखवली, तर म्हणाले की तेवढ्या मुलीला बसायला कशी खुर्ची लागेल ते मला कळलं.

आज रविवार, पोस्ट बंद. तरी ह्यांनी ते पत्र खिशात घालून चर्चमध्ये आणलं, आणि तिथे येनीने घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं तेव्हा तिला ते काढून पहिलीच ओळ दाखवली.

मी बरी आहे. आमच्या दोघांवर आहे तेवढी माया ठेवा, जास्तीची ठेवलीत तर परत करणार नाही.

तुझी,
ओड्नी